पत्त्याचा अंदाज आणि नावाचे स्पेलिंग



आपले पाली गाव राजगडाच्या पायथ्याचे. इथे पाकिटावर आडनाव चुकले म्हणून पत्र परत गेले, असे सहसा होत नाही. पोस्टमन चार घरे विचारतो, "अरे, हे अमक्याच्या थोरल्याचे दिसते" म्हणतो आणि टपाल पोहोचवतो. ई-मेलला असा पोस्टमन नाही. एक अक्षर चुकले की पत्र परत येते, किंवा भलत्याच माणसाच्या हाती पडते. हे दुसरे जास्त वाईट.

हा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. शिकाऊ उमेदवारीसाठी तो खेड शिवापूर आणि शिरवळकडच्या कारखान्यांत फिरत होता. व्हिजिटिंग कार्डे आणि कार्यक्रमपत्रिका यांवरून त्याने चाळीस अधिकाऱ्यांची नावे वहीत उतरवली होती. नाव होते, कंपनी होती. ई-मेल पत्ता मात्र मोजक्यांचाच. "सर, बाकीच्यांचे पत्ते तयार करता येतील का?" त्याने विचारले.

येतात, आणि त्यात जादू काही नाही. ई-मेल पत्त्याचे दोन भाग असतात. मधले @ हे चिन्ह १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने निवडले. चिन्हाच्या पुढे घर, मागे माणूस. कंपनी आपल्या सर्व नोकरांना पत्ते बहुधा एकाच साच्यात देते: नाव, टिंब, आडनाव, किंवा नावाचे पहिले अक्षर आणि लगेच आडनाव, कुठे आडनाव आधी. त्या कंपनीतला एक जरी खरा पत्ता हाती असला तरी साचा उघड होतो. मग संगणकाच्या तक्त्यात एका रकान्यात नाव, दुसऱ्यात आडनाव, तिसऱ्यात कंपनीचे डोमेन लिहायचे आणि & या चिन्हाने ते जोडायचे. नावापुढची मोकळी जागा आधी काढून टाकावी, नाहीतर तीही पत्त्यात शिरते. चाळीस पत्ते पाच मिनिटांत तयार होतात.

आम्हीही केले. अर्ध्याहून अधिक पत्रे परत आली.

कारण शोधायला बसलो तेव्हा गंमत कळली. साचा बरोबर होता, स्पेलिंग चुकले होते. मराठीत आपण 'सय्यद' एकाच रीतीने लिहितो. इंग्रजीत कुणी एस-ए-वाय-वाय-ए-डी, कुणी शेवटी ई-डी, कुणी एस-वाय-ई-डी, कुणी एकाच वायवर भागवतो. 'युसूफ'च्याही तीन तऱ्हा सहज होतात. तीन गुणिले चार, बारा. नाव आधी की आडनाव आधी, म्हणजे चोवीस. त्यात आद्याक्षर आणि आडनाव या साच्याचे चार मिळवा. एका माणसाचे अठ्ठावीस संभाव्य पत्ते! शेख, आतार, मोहम्मद यांची कथा वेगळी नाही. त्यात मोठ्या कंपनीत एकाच नावाचे दोघे असले की दुसऱ्याला एक आकडा किंवा वडिलांचे आद्याक्षर जोडतात. ते अंदाजाने कसे कळणार?

मग अठ्ठावीसही पत्त्यांवर पत्र टाकून पाहावे, असे तुमच्या मनात येईल. त्या मुलाच्याही आले. तसे करू नका. न पोहोचलेल्या पत्रांचा ढीग झाला की पाठवणाऱ्याच्याच नावाला बट्टा लागतो आणि पुढची खरी पत्रेही 'स्पॅम'च्या पेटीत जाऊन पडतात. १९८२ साली ई-मेलचे नियम लिहिले गेले, त्यात "हा माणूस तुमच्याकडे आहे का?" असे समोरच्या यंत्राला विचारण्याची सोय होती. लबाडांनी तिचा इतका गैरवापर केला की आज बहुतेक ठिकाणी ती बंदच ठेवतात. काही कंपन्यांची यंत्रे तर कोणत्याही पत्त्यावरचे पत्र मुकाट्याने ठेवून घेतात. परत आले नाही म्हणून पोहोचले, असे समजू नये.

पुष्कळदा अंदाजाची गरजच नसते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने सरकारी कार्यालयाला आपल्या अधिकाऱ्यांची सूची स्वतःहून प्रसिद्ध करावी लागते. कारखान्याला फोन करून "शिकाऊ उमेदवारांचे काम कोण पाहते?" असे विचारले तर पत्ता बहुधा मिळतो. आमची मुले फोन करायला लाजतात, हा निराळाच प्रश्न आहे. असो.

आता त्या मुलाची पुढची हकीकत. त्याची दोन पत्रे परत आली नाहीत, म्हणून तो खुशीत होता. आठवड्याने एका पत्राला उत्तर आले. लिहिणारे गृहस्थ त्याच नावाचे, पण दुसऱ्याच शहरात हिशेबाच्या खात्यात. "तो मी नव्हे," असे सौजन्याने कळवून त्यांनी लिहिले होते की, पहिल्याच पत्राला आधार कार्डाची आणि गुणपत्रिकेची प्रत अनोळखी माणसाला जोडू नये. ती मी खोडून टाकली आहे. माणूस भला होता म्हणून निभावले. अंदाजाच्या पत्त्यावर जाणाऱ्या पत्रात आपले नाव, शिक्षण आणि दोन ओळींची विनंती, एवढेच असावे. कागद नंतर, उत्तर आल्यावर.

त्याच गृहस्थांनी आणखी एक विचारले होते, आणि पालकहो, हे तुमच्यासाठी आहे: "गुणपत्रिकेवर तुमचे नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या आणि ई-मेलवर तिसऱ्या. यातले खरे कोणते?" मुलाकडे उत्तर नव्हते. शाळेत नाव घालताना आम्ही शिक्षकांनी कानाला पटेल तसे लिहिले, आधारच्या वेळी यंत्रापुढे बसलेल्याने त्याला वाटले तसे टंकले, आणि ई-मेल मुलाने मित्राकडून काढून घेतला. वडिलांना कुणी विचारलेच नाही. दुसऱ्यांच्या स्पेलिंगचे अंदाज बांधत बसलेल्या आम्हाला आमच्याच घरातले ठाऊक नव्हते!

देवनागरीत डोमेन घेण्याची सोय २०१४ पासून '.भारत'मुळे झाली आहे. पण कारखान्यांचा व्यवहार अजून रोमन अक्षरांतच चालतो. तेव्हा मुलगा किंवा मुलगी नववीत असतानाच, दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर शाळेत या. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी संगणकाच्या खोलीत असतो. त्या मुलाने आता आपले एक स्पेलिंग ठरवून सगळीकडे दुरुस्तीचे अर्ज केले आहेत, आणि वहीतल्या उरलेल्या नावांना तो रोज एक याप्रमाणे फोन करतो आहे.