आजचा दिनविशेष : २९ फेब्रुवारी

(दहावी 'ब', १९९२ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात शनिवार, २९ फेब्रुवारी २०२० रोजी केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक युग आणि आपण' असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. संगणकातलं आता आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी बोलणार आहे ते शाळेतल्या माझ्या एकुलत्या एक मानाच्या पदाबद्दल. आठवी ते दहावी, तीन वर्षं, फळ्यावर दिनविशेष मी लिहायचे. परिपाठाच्या दहा मिनिटं आधी यायचं, ग्रंथालयातलं पुठ्ठा निघालेलं ते पुस्तक उघडायचं आणि फळ्याच्या उजव्या बाजूला तीन मथळे काढायचे : जन्म, स्मृतिदिन, घटना. रंगीत खडू फक्त मला मिळायचे. त्याचा मला केवढा माज होता, ते पहिल्या बाकावरच्या मुलींना विचारा.

आपल्या भेटीसाठी आजचीच तारीख का, असं बरेच जण ग्रुपवर विचारत होते. कारण साधं आहे. आपला निरोप समारंभ २९ फेब्रुवारी १९९२ ला झाला आणि त्या दिवशीही शनिवारच होता, सकाळची शाळा. २८ वर्षांनी लीप वर्षाचं कॅलेंडर वारासकट जसंच्या तसं परत येतं. म्हणजे १९९२ ची दिनदर्शिका कुणी माळ्यावर जपून ठेवली असेल, तर ती यंदा भिंतीवर लावून चालेल. तिथ्या आणि सण मात्र जुळणार नाहीत. आपल्या पंचांगाचा हिशेब वेगळा. इंग्रजी कॅलेंडर चार वर्षांनी एक दिवस घालून भागवतं, आपल्याकडे साधारण तीन वर्षांनी अख्खा महिनाच जादा येतो. यंदा अधिक आश्विन आहे. ज्यांच्या घरी नवे जावई आहेत त्यांनी अनारशांची तयारी आत्तापासून ठेवावी. आणि ज्यांचा महिन्याचा पगार महिन्यालाच संपतो, त्यांच्यासाठी दुष्काळात तेरावा महिना आहेच.

तर, २९ फेब्रुवारी. त्या दिवशी पुस्तकात मला एकच नाव सापडलं होतं : मोरारजी देसाई, जन्म १८९६, भदेली, आजचा वलसाड जिल्हा. तेव्हा ते हयात होते आणि आदल्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं होतं. मी नाव लिहिलं आणि मागून इतिहासाचे सर आले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री कोण होतं, हे त्यांनी मला विचारलं. मला येत होतं. मी म्हटलं, मग पुसू का? सर म्हणाले, "पुसायचं कशाला? जन्मले ते खरंच आहे. पण फळ्यावर जेवढं मावतं तेवढाच इतिहास असतो, असं समजू नकोस." सर आज समोर बसलेत. सर, तुम्हाला हे आठवत नसेल. मला आठवतंय.

मोरारजींचा वाढदिवस हा एक गणिती प्रकार आहे. जन्म १८९६ चा, पण पहिला वाढदिवस आला तो थेट १९०४ मध्ये, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. २९ फेब्रुवारी १९६८ ला त्यांनी अर्थमंत्री म्हणून लोकसभेत अर्थसंकल्प मांडला, तेव्हा वय ७२ आणि वाढदिवस सतरावा. ज्या १९०४ मध्ये त्यांचा पहिला वाढदिवस आला, त्याच दिवशी मदुराईला रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. भरतनाट्यम् ज्या काळात प्रतिष्ठित घरातल्या मुलीने करू नये असं मानलं जाई, त्या काळात त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र उभं केलं. राज्यसभेत असताना प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या कायद्यासाठी त्या झगडल्या, तो १९६० मध्ये झाला. १९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजींनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं. एकाच विचित्र तारखेला जन्मलेली दोन माणसं. एकाने देशातलं सर्वोच्च पद देऊ केलं, दुसरीने ते नाकारलं. आपल्या पुस्तकात हे नव्हतं. असतं, तर त्या दिवशी फळा भरला असता.

घटनांमध्ये कोलंबस आहे. १५०३ पासून तो जमैकात अडकून पडला होता, आणि तिथल्या लोकांनी त्याच्या माणसांना अन्न द्यायचं बंद केलं. त्याच्याजवळ रेगिओमोंटानसची खगोलीय कोष्टकं होती. २९ फेब्रुवारी १५०४ च्या रात्री चंद्रग्रहण आहे हे त्याला ठाऊक होतं. देव कोपलाय, चंद्र नाहीसा होईल, अशी त्याने धमकी दिली. ग्रहण लागलं, अन्न मिळालं. बऱ्याच पुस्तकांत ही गोष्ट हुशारीची म्हणून सांगतात. मला ती कधीच आवडली नाही. स्वतःजवळचं ज्ञान भुकेपोटी का होईना, दुसऱ्याला घाबरवायला वापरलं, एवढंच त्यात आहे.

१९४० मध्ये याच तारखेला लॉस एंजेलिसमध्ये हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड'मधल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. पण त्या हॉटेलात त्यांना बाकीच्या कलाकारांसोबत बसता आलं नाही, त्यांचं टेबल बाजूला होतं. आणि १९६० मध्ये, मध्यरात्रीला थोडाच वेळ असताना, मोरोक्कोतलं अगादीर शहर भूकंपाने जमीनदोस्त झालं, १२ हजारांहून जास्त माणसं गेली.

आता माझ्या जातकुळीचा माणूस. हर्मन हॉलरिथ, जन्म २९ फेब्रुवारी १८६०, अमेरिकेतलं बफेलो शहर. अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेची आकडेमोड संपायला सात-आठ वर्षं लागली होती. १८९० ची तर पुढची जनगणना आली तरी संपणार नाही, अशी भीती होती. रेल्वेचा कंडक्टर तिकिटावर भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचा, म्हणजे तेच तिकीट दुसऱ्या कुणी वापरू नये. हॉलरिथने ती कल्पना उचलली. एका माणसाचं एक कार्ड. वय, लिंग, जन्मस्थान, धंदा, प्रत्येकाची जागा ठरलेली, त्या जागी भोक. कार्ड यंत्रात ठेवून वरून टाचण्या दाबायच्या. जिथे भोक असेल तिथून टाचणी आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडायची, वीज वाहायची आणि तबकडीवरचा काटा एकाने पुढे सरकायचा. सुमारे ६ कोटी २६ लाख माणसं अशी मोजली. पुढे त्याची कंपनी इतर दोन-तीन कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये त्या सगळ्याचं नाव आयबीएम झालं.

मी इंजिनिअरिंगला असताना हे वाचलं तेव्हा फार भारावले होते. आता त्यात एक गोष्ट जास्त दिसते. यंत्राला माणूस दिसत नाही, भोक दिसतं. कार्डावर भोक चुकीच्या जागी पडलं, की तो माणूस तसाच मोजला जातो, आणि मग त्याने कितीही ओरडून सांगितलं तरी काटा मागे येत नाही.

माझ्या हातूनही असं एक भोक पडलंय. १९९८ ला डिग्री घेऊन मी पुण्यात नोकरीला लागले. सगळीकडे वायटूकेची धावपळ होती. गणिताचे सर, तुम्ही लीप वर्षाचा नियम तीन ओळींत शिकवला होतात. चारने भाग गेला तर लीप. शंभरने गेला तर नाही. चारशेने गेला तर पुन्हा लीप. पृथ्वीची फेरी ३६५ दिवस ६ तासांत नव्हे, त्याहून ११ मिनिटं कमी वेळात होते, त्या ११ मिनिटांचा साचत गेलेला हिशेब म्हणून हे तीन नियम. १५८२ मध्ये तो चुकता करताना ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणावा लागला, हेही तुम्ही सांगितलं होतंत. मी प्रोग्रॅममध्ये पहिल्या दोनच ओळी लिहिल्या. गंमत बघा, ज्याला एकच नियम माहीत होता त्याचा प्रोग्रॅम २००० साली बरोबर चालला. ज्याला तिन्ही माहीत होते त्याचाही चालला. आपटला तो दोन नियम येणाऱ्या अर्धवट शहाण्यांचा. मंगळवार, २९ फेब्रुवारी २००० ला परदेशातल्या एका ग्राहकाकडे त्या दिवशीची प्रत्येक पावती माझ्या प्रोग्रॅमने परत पाठवली. संदेश होता : 'अशी तारीख अस्तित्वात नाही.' दोन रात्री जागून आम्ही ते निस्तरलं.

पुढे मोठमोठ्यांचंही असंच झालं. २०१२ च्या २९ फेब्रुवारीला मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युर सेवा कोलमडली. एक वर्ष मुदतीचं प्रमाणपत्र बनवताना प्रोग्रॅमने तारखेतल्या फक्त वर्षात एक मिळवला, आणि मुदत निघाली २९ फेब्रुवारी २०१३, जी येणारच नव्हती. उलट, एक्सेलमध्ये ६० आकडा लिहून त्याला तारखेचं रूप द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. हा दिवस जगात कधीच उगवला नाही. जुन्या लोटस प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम तशीच ठेवलीय.

'अशी तारीख अस्तित्वात नाही' हे वाक्य त्या रात्री पडद्यावर बघताना मला राहून राहून वाटत होतं, हे आपण आधी कुठेतरी ऐकलंय. ऐकलं नव्हतं, मीच म्हटलं होतं. याच शाळेत.

निरोप समारंभाच्या सकाळी मी मोरारजींचं नाव लिहून खडू ठेवत होते, तेव्हा आपल्या वर्गातली एक मुलगी जवळ आली. तिचं नाव मी घेणार नाही, तशी तिची अट आहे. ती हळूच म्हणाली, "माझा पण आजच वाढदिवस आहे गं. खाली बारीक अक्षरात लिही ना." चारच दिवसांपूर्वी हॉल तिकिटाच्या वेळी बाईंनी सगळ्यांच्या जन्मतारखा वाचून दाखवल्या होत्या. तिची होती १ जून १९७६. माझी खात्री होती. मी म्हटलं, "रजिस्टरमध्ये १ जून आहे. फळ्यावर खोटं लिहायचं नसतं." ती म्हणाली, आईकडे दवाखान्यातली चिठ्ठी आहे. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तुझ्यासाठी काय तारीख बदलायची का?" वर्ग हसला. ती जागेवर जाऊन बसली. समारंभात ती शेवटपर्यंत थांबली नाही.

१ जूनचं गौडबंगाल तेव्हा मला कळलं नव्हतं. आपल्या त्या वर्गात १ जूनला जन्मलेले १४ जण होते. वाड्यावस्त्यांवरून पोरं नाव घालायला यायची, आईबापांना तारीख सांगता यायची नाही, शाळा जूनमध्ये उघडायची, सहा वर्षं पूर्ण हवीत. गुरुजी १ जून टाकून मोकळे. महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे ला एवढे कर्मचारी निवृत्त होतात ते उगाच नाही. सर, बाई, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या एका ओळीमुळे ती पोरं शाळेत तरी आली. पण तिच्या आईला तारीख माहीत होती. तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

गेल्या महिन्यात ग्रुपवर तारीख ठरली आणि रात्री मला तिचा फोटो आला. चौघडी घालून पिवळा पडलेला कागद. प्राथमिक आरोग्य केंद्र, मुलगी, अडीच किलो, २९/२/७६. खाली नर्सची सही. सोबत एक ओळ : 'आता तरी लिहिशील का?' आणि पुढे हसणारा चेहरा. मी लगेच फोन केला. माफी मागायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "अगं, मी ते कधीच सोडून दिलंय." मग थोडं थांबून म्हणाली, "सोडलं नव्हतं खरं तर." ती गेली १८ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मला म्हणाली, "माझ्या गावात एकही १ जून मी होऊ दिलेला नाही. बाळ जन्मलं की मी दुसऱ्या दिवशी दारात." माझी २० वर्षांची नोकरी आणि तिची १८ वर्षांची, दोघींचं काम तारखा सांभाळण्याचंच. तिच्या वहीत माझ्यापेक्षा कमी चुका निघतील, हे मी पैज लावून सांगते.

आज सकाळी सव्वासातला मी आपल्या जुन्या वर्गात गेले. मामांनी कुलूप उघडून दिलं. फळा आता हिरवा आहे, पण उजवी बाजू उजवीच आहे. जन्म : हर्मन हॉलरिथ, मोरारजी देसाई, रुक्मिणीदेवी अरुंडेल. चौथी ओळ लिहिताना हात जरा कापला, आडनाव दोनदा पुसलं. बारीक अक्षरात लिहिलेलं नाही. ती लाडू घेऊन आलीय, अकरावा वाढदिवस आहे, चहाच्या आधी सगळ्यांनी वर्गात या. मामांना सांगून ठेवलंय, सोमवारपर्यंत फळा पुसू नका.