ओटा का खचतो आणि तो उचलावा कसा

(जीर्णोद्धार समारंभात सभामंडपामध्ये केलेले भाषण)



कीर्तनकार आणि विद्वान वक्ते यांच्या ओळीत समितीने माझ्यासारख्या तालुका कचेरीतील कारकुनाला उभे केले, याचे मला स्वतःलाच नवल वाटते. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे. अध्यात्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण जीर्णोद्धाराचा जमाखर्च लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्यातील प्रदक्षिणामार्गाच्या खर्चाविषयी पुष्कळांनी विचारणा केली. "जुन्या कोब्यावर चार इंच नवा कोबा ओतला असता तर निम्म्यात भागले असते," असे काही देणगीदारांचे म्हणणे पडले. पैसा आपला आहे, तेव्हा विचारण्याचा हक्कही आपला आहे. म्हणून आज त्या खचलेल्या कोब्याविषयीच चार शब्द बोलतो. हे दुखणे एकट्या देवळाचे नाही. आपापल्या दारातला ओटा, मोरीपुढची फरशी, पायरीखालची लादी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी काय म्हणतो ते सहज ध्यानात येईल.

पुष्कळांना कोडे पडते की भिंती जागच्या जागी आहेत, मग भोवतालचा कोबाच तेवढा खाली का जातो? कारण दोघांचा पाया वेगळा. भिंतीचा पाया आपण काळी माती खणून खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत नेतो. त्यासाठी खणलेला चर भिंतीपेक्षा रुंद असतो. पाया वर आला की उरलेल्या पोकळीत तीच काळी माती, विटांचे तुकडे, पोत्यांच्या चिंध्या, जे हाताशी असेल ते लोटून देतात. धुमस मारायला कोणाला वेळ नसतो, कारण वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आलेला असतो! त्या भुसभुशीत भरावावर तीन-चार इंच काँक्रीट पडते. दोन-चार पावसाळ्यांत भराव बसतो, कोब्याखाली पोकळी होते आणि एके दिवशी कोबा भिंतीच्या बाजूने खाली जातो.

खरी हानी येथून पुढे होते. कोब्याचा उतार बाहेर जाण्याऐवजी भिंतीकडे वळतो. मग पागोळ्यांचे पाणी थेट पायात मुरते. त्यातून आपली जमीन काळी. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतातल्या भेगेत काठी घालून पाहा, हातभर सहज आत जाते. तीच उलथापालथ घराखालीही चालू असते. शिवाय पोकळी मिळाली की घुशी बिऱ्हाड करतात आणि उरलीसुरली मातीही बाहेर काढून टाकतात. कचेरीत पावसाळ्यानंतर नुकसानीचे अर्ज येतात, त्यांत "अतिवृष्टीने ओटा खचला" असे लिहिलेले असते. अर्ज मी नोंदवून घेतो, पण मनात येते की अतिवृष्टी एका वर्षाची. पन्हाळ मात्र कित्येक वर्षे त्याच जागी पाणी ओतत होती.

आपल्या देवळात तेच झाले होते. उत्तरेस गोमुख आहे. अभिषेकाचे पाणी त्यातून खाली पडते आणि तिथेच मुरते. श्रावणात तर दिवसभर धार चालू. तिथला कोबा नुसता खचला नव्हता, त्याचे तुकडे झाले होते. पूर्वेकडच्या लाद्या अखंड होत्या, पण भिंतीकडे अडीच इंच खाली गेल्या होत्या. पहाटे काकड आरतीला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्या अंधारात ठेच लागे. साठीनंतर मांडीचे हाड मोडले की माणूस पुन्हा उभा राहील याची खात्री नसते. त्यामुळे हे काम शोभेचे होते असे कोणी म्हणू नये.

आता वरून नवा थर का ओतला नाही ते सांगतो. चार इंच काँक्रीट म्हणजे चौरस फुटाला बावीस-तेवीस किलो नवे ओझे, आणि तेही ज्या भरावाला जुने ओझे पेलले नाही त्याच्याच डोक्यावर. दुसरे म्हणजे, प्रदक्षिणामार्ग चार इंच वर आला असता तर उंबऱ्याची उंची गेली असती आणि पावसाचे पाणी गाभाऱ्याकडे वळले असते. आपल्या घरीही असेच थरावर थर चढतात आणि शेवटी घर खड्ड्यात गेल्यासारखे दिसू लागते.

उचलण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. काठीने कोबा ठोकत जावे. जेथे बद्द आवाज येतो तेथे पोकळी आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी मोजावी. दर चार फुटांस निदान एक इंच उतार भिंतीपासून बाहेर असला पाहिजे. आणि भेगेवर सिमेंटचा लहानसा ठिपका देऊन त्यावर तारीख लिहून ठेवावी. ठिपका तडकला तर खचणे अजून थांबलेले नाही असे समजावे. एक इशारा येथेच देतो: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग भिंतीवर चढत असेल तर ते काम ओट्याचे नाही, पायाचे आहे. तेथे गवंड्यावर विसंबू नका, इंजिनिअर आणा.

आपण पहिला खर्च पाण्यावर केला. गोमुखाखाली पक्की चर बांधून पाणी फुलबागेत सोडले, छपराला पन्हाळी लावल्या. नंतर लाद्यांना हात घातला. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार इंच जाड अशी एक लादी साडेतीनशे किलोहून जड भरते. तेव्हा भिंतीलगतचा सांधा मोकळा केला, लादीला भोके पाडून त्यांत लोखंडी हुक पक्के बसविले आणि तिपाईला चेनकप्पी लावून डब्याचे झाकण उघडावे तशी लादी उचलली. खाली ओंडके लावल्यावाचून कोणालाही हात घालू दिला नाही. काळी माती काढून मुरूम भरला, तोही सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुमस करून. खर्च वाढला तो या मजुरीमुळे. वर वाळू-सिमेंटचा पातळ थर दिला आणि लादी परत बसविली. भिंत आणि लादी यांची सांधेजोड सिमेंटने केली नाही. फटीत डांबर भरले, म्हणजे लादी हलली तरी भिंतीला धक्का नाही आणि पाणीही आत जात नाही. उत्तरेकडचे तुकडे मात्र उचलण्याच्या पलीकडे गेलेले होते. ते फोडून सोलिंगमध्ये वापरले, वर नवे काँक्रीट केले आणि सात दिवस पाणी मारले. घरी शहाबादी फरशी असेल तर काम याहून सोपे: पहारीने फरशी काढा, मुरूम ठोका, पुन्हा बसवा. दिवाळीनंतरचे दिवस यास बरे, कारण तेव्हा काळी जमीन फार फुगलेलीही नसते आणि फार आकसलेलीही नसते.

लादी न काढता उचलण्याचीही रीत आहे. अमेरिकेत लादीला दीड-दोन इंची भोके पाडून माती, सिमेंट व पाणी यांचा रबडीसारखा काला पंपाने खाली दाबतात. एका भोकात थोडे, दुसऱ्यात थोडे, वर ताणलेल्या दोरीकडे लक्ष ठेवून; घाई केली तर लादी तडकते. अलीकडे काल्याऐवजी फुगून घट्ट होणारा फेसही वापरतात. तो वजनाला हलका, पण महाग. ही रीत ऐकून कोणाला थट्टा वाटेल, म्हणून एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत टेक्सास राज्यात समुद्रकाठी गॅल्व्हेस्टन नावाचे शहर आहे. सप्टेंबर १९०० मध्ये तेथे वादळ होऊन हजारो माणसे बुडाली. त्यानंतर लोकांनी समुद्राला भिंत घातली आणि १९०३ पासून पुढची काही वर्षे शहराची जमीनच वर उचलली. दोन हजारांवर इमारती जॅकवर चढविल्या आणि खाली वाळूमिश्रित पाणी पंपाने भरले. तेथील सेंट पॅट्रिक नावाचे तीन हजार टनांचे चर्च सातशे जॅक लावून पाच फूट उचलले. त्यापुढे आपली अडीच इंचांची लादी ती काय! पण त्यांनीही आधी समुद्राचे पाणी अडविले, मग जॅक लावले.

जमाखर्चाची वही समितीच्या कपाटात आहे. कोणालाही पाहता येईल. पाण्याची नळी, धुमस आणि चेनकप्पी देवळाच्या खोलीत ठेवली आहेत. ज्यांना घरच्या ओट्यासाठी हवी असतील त्यांनी नाव लिहून न्यावीत, आणि कृपा करून परत आणून द्यावीत. प्रदक्षिणामार्गाच्या पूर्वेकडील भिंतीवर बांधकामाच्या तारखेसह पातळीची खूण केली आहे. येत्या पावसाळ्यानंतर ती सर्वांसमक्ष पुन्हा मोजण्याचे समितीने ठरविले आहे.

 हर हर महादेव!