हाकेला ओ



२०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, दिल्लीत राहणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या फोनवर एकाच धाटणीचे निरोप येत होते. रुग्णाचं वय, ऑक्सिजनची पातळी, वस्तीचं नाव, नातेवाइकाचा नंबर. बस, चार ओळी. ‘कृपया’ लिहायलाही कोणाला सवड नव्हती.

हे निरोप वाचणारी कॉलेजातली मुलंमुली रात्र रात्र जागत होती. हाती आलेला प्रत्येक नंबर लावून बघायचा, सिलिंडर खरोखर आहे का ते विचारायचं, असेल तर तपासल्याची वेळ घालून पुढे पाठवायचं, नसेल तर नंबर यादीतून काढून टाकायचा. गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये गुरुद्वाऱ्याने ऑक्सिजनचा लंगर लावला. ज्यांना कुठेच खाट मिळाली नव्हती, त्यांना तिथे रस्त्याकडेला, गाडीतच नळी लावून श्वास मिळत होता. तो पत्ताही असाच फोनाफोनी पोचला. याच वाटेने भामटेही आले. औषधाचे पैसे आधी घ्यायचे आणि फोन बंद करायचा, हा त्यांचा धंदा. म्हणून रात्रभर नंबर तपासणाऱ्या त्या मुलांचं मोल मला फार वाटतं.

३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने बजावलं, की समाजमाध्यमांवर गाऱ्हाणं मांडणाऱ्या नागरिकांची मुस्कटदाबी झाली, तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. नागरिकाच्या हाकेला त्या दिवशी देशातल्या सर्वोच्च न्यायासनाने मान दिला.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक मराठी काका एकटे राहतात. मुलगा पुण्यात. त्या दिवसांत ते आजारी पडले आणि मुलाने इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी टाकल्या. तासाभरात डबा, औषधं आणि ऑक्सिमीटर काकांच्या दाराशी होते. पंधरा दिवस रोज सकाळी कोणी ना कोणी दाराबाहेरून आवाज द्यायचं आणि काका आतून ‘ओ’ म्हणायचे. ती ‘ओ’ ऐकू आली, की गटावर लिहायचं: काका बरे आहेत. निरोप फोनने पोचवला. जिने मात्र माणसंच चढली.

सरकारलाही ही हाक ऐकू येऊ शकते, हे दिल्लीने फार लवकर पाहिलं. राष्ट्रकुल स्पर्धांच्या आधी, २०१०च्या मे महिन्यात, दिल्ली वाहतूक पोलिसांनी फेसबुकवर पान उघडलं आणि नियम मोडणाऱ्या गाड्यांचे फोटो लोक तिथे टाकू लागले. त्यावरून दंडाच्या पावत्याही फाटल्या. पुढे सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना प्रवाशांची ट्विटं रेल भवनात वाचली जाऊ लागली. २०१५च्या नोव्हेंबरात आपल्या शेगावहून गाडीतल्या एका महिलेने लिहिलं, की डब्यातला पुरुष त्रास देतो आहे. भुसावळला गाडी लागली तेव्हा मदत दारात हजर होती.

त्यानंतर रेल्वेने जे केलं, ते मला याहून मोठं वाटतं. २०२०पासून मदतीचे वेगवेगळे क्रमांक एकत्र करत १३९ हा एकच क्रमांक दिला. तो साध्या फोनवरूनही लागतो. त्याला ना ट्विटर लागतं, ना इंग्रजी. मोजक्यांना मिळणारी ओ सगळ्यांसाठी खुली झाली.

असं सगळीकडे झालेलं नाही. २७ जुलै २०२४च्या संध्याकाळी दिल्लीतल्या जुन्या राजिंदर नगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात रस्त्यावरचं पावसाचं पाणी घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून गेले. आपल्या महाराष्ट्रातलीही कितीतरी मुलं त्याच गल्ल्यांत राहून अभ्यास करतात. या तळघराच्या बेकायदा वापराची तक्रार एका विद्यार्थ्याने महिनाभर आधी सरकारी संकेतस्थळावर रीतसर केली होती. स्मरणपत्रंही पाठवली होती. मुलं गेली, त्यांचे सोबती रस्त्यावर बसले, त्यांची चलचित्रं देशभर फिरली आणि मग एकामागून एक तळघरांना सील लागलं. शांतपणे, योग्य दारी केलेली तक्रार पडून राहते आणि गलका झाल्यावरच शासन हलतं, हा धडा कोणत्याही विद्यार्थ्याला मिळता कामा नये.

घरीही मी तेच अनुभवलं. गेल्या उन्हाळ्यात आमचा फ्रिज बंद पडला. कंपनीला आठ दिवस फोन केले. शेवटी समाजमाध्यमावर जाहीर लिहिलं, तर तासाभरात उत्तर आलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस आला. त्याच आठवड्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा कूलर बंद पडला होता. वॉरंटी होती, पावती होती. दिल्लीच्या जूनमध्ये, पत्र्याच्या छपराखाली, दोन लहान मुलं घेऊन त्या तीन आठवडे दुकानात खेपा घालत होत्या. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. त्या जाहीर लिहिणार कुठे?

मग आम्ही त्याच फोनवरून १९१५ लावला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीसह सतरा भाषांमध्ये ती तक्रार नोंदवून घेते. बोलल्या त्या स्वतः, हिंदीत, पावतीवरची तारीख मला वाचायला लावून. दहाव्या दिवशी मोटर बदलून मिळाली.

श्रोतेहो, ज्यांना जाहीर लिहिता येतं, त्यांनी जरूर लिहावं, मीही लिहीन. पण लिहिताना शेजारी कोण गप्प बसलं आहे, तेही पाहावं आणि त्याच्यासाठी एक फोन लावावा. १३९ आणि १९१५ हे दोन क्रमांक आज घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आमच्या बाईंनी ते आपल्या घराच्या दारामागे खडूने लिहिले आहेत. आता त्यांची शेजारीण तिथे येऊन नंबर पाहते.