आधी भाकर, मग बोध



अंगात ताप भरला तर घरातले माणूस कपाळाला हात लावून पाहते. पाय मोडला तर शेजारी धावून येतो, गाडीची सोय करतो. पण एखाद्याचे मनच मोडले तर? रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, जेवणावर वासना नाही, कामात जीव लागत नाही, उगाच छातीत धडधडते. अशा माणसाला आपण काय म्हणतो? कोणी म्हणतो, आळशी झाला आहे. कोणी म्हणतो, बाहेरचे काही लागले आहे. ख्रिस्ती घरात आणखी एक वाक्य ऐकू येते, "तुझा विश्वास कमी पडला. प्रार्थना कर, म्हणजे बरे वाटेल."

या शेवटच्या वाक्याविषयीच आज बोलायचे आहे. ते प्रेमाने म्हटले जाते, यात शंका नाही. पण ज्या बायबलाच्या आधारे ते म्हटले जाते, त्या बायबलात खचलेल्या माणसाला देवाने कसे वागवले, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. श्रोत्यांपैकी जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही ऐकावे. दुखणे सगळ्यांचे सारखेच आहे.

एलीया नावाचा एक संदेष्टा होता. मोठा धीराचा माणूस. राजासमोर उभा राहून त्याने सत्य सांगितले, कर्मेल डोंगरावर त्याचा विजय झाला. आणि दुसऱ्याच दिवशी, राणीने जीव घेण्याची धमकी दिली तेव्हा तो कोलमडला. सोबतचा चाकरही त्याने मागे ठेवला आणि एकटाच रानात निघाला. दिवसभर चालून एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे झाले, माझा प्राण घे. मग तिथेच झोपी गेला.

आता पाहा, देवाने काय केले. रागावला का? विश्वासावर प्रवचन दिले का? नाही. एक दूत आला, त्याने एलीयाला हात लावून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाण्याचे भांडे होते. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवले तेही खाण्यासाठीच. पुढची वाट लांबची आहे, एवढेच सांगितले. पुढे चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर देवाने त्याला विचारले, तू इथे काय करतोस? एलीयाने मनातली सारी तक्रार ओकून टाकली. एकदा नव्हे, दोनदा. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतली. मग त्याला सांगितले, तू एकटा नाहीस, सात हजार माणसे तुझ्यासारखीच ठाम उभी आहेत. त्याला काम दिले आणि अलीशा नावाचा सोबती दिला.

हा क्रम ध्यानात ठेवा. आधी भाकर आणि झोप, मग ऐकून घेणे, मग बोध, मग काम आणि सोबत. आपण मात्र पहिल्याच दिवशी बोध सांगतो आणि भाकर विसरतो.

शिरपूरच्या माणसांना हे लवकर पटेल. आपल्याकडे पाऊस पडत होता, तरी विहिरी कोरड्या होत होत्या. मातीचा चिवट थर पाणी खाली मुरू देत नव्हता. 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाने तालुक्यात नाले रुंद आणि खोल करण्याचे काम झाले, तेव्हा पाणी जमिनीत उतरले. आठ रात्री न झोपलेल्या मनाचे तसेच असते. वरून कितीही उपदेश ओता, तो वाहून जातो. आधी तो थर फोडावा लागतो.

विश्वास असलेल्या माणसाला असे होतेच कसे, असे कोणी विचारील. त्याने स्तोत्रसंहिता उघडावी. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे रडण्याची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवले आहे. खुद्द येशू ख्रिस्त मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत अतिशय व्याकूळ झाला. त्याने ते लपवले नाही. पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ नेऊन सांगितले, माझ्यापाशी जागे राहा. तेव्हा जीव घाबरा होणे हे पाप नव्हे, आणि "जरा माझ्याजवळ बस" असे म्हणणे हा कमीपणा नव्हे.

आपल्या मराठीतलेच एक उदाहरण सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुष्कळ शिक्षकांनी वाचले असेल. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. त्या काळी एका ब्राह्मण घरातल्या स्त्रीवर केवढा घाला पडला असेल! संसार मोडला, लोकांची बोलणी सुरू झाली. त्या दुःखाने लक्ष्मीबाई पार खचल्या. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांच्या या दुःखाचे कारणच तो धर्म होता, हे लपवण्यात अर्थ नाही. नात्यातल्या माणसांनी त्यांना जवळ ठेवून सांभाळले. शाळा न पाहिलेल्या या बाई त्याच दिवसांत कविता करू लागल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर नवराबायको पुन्हा एकत्र आली आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. पुढे उतारवयात हे सारे त्यांनी लिहिले. पहिला भाग 1934 मध्ये निघाला. त्यात रडणे लपवलेले नाही आणि हसणेही सोडलेले नाही. आपल्या आयाबायांनी जात्यावरच्या ओव्यांतून जे केले तेच हे. दुःखाला तोंड फुटले की त्याचा भार थोडा हलका होतो.

आता काळजीविषयी. उद्याची चिंता करू नका, असे येशूने सांगितले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते कोणाला सांगितले? रोजच्या भाकरीची भ्रांत असलेल्या शेतकऱ्यांना, कोळ्यांना, मजुरांना. बियाण्याची तजवीज करू नका, असा त्याचा अर्थ नाही. आकाशातली पाखरेसुद्धा दाणा शोधायला उडतातच. अर्थ असा, की आजच्या ओझ्यावर उद्याचे ओझे रचू नका. कपाशीचा भाव आपल्या हाती नाही. पण कर्जाचा कागद घेऊन भावाजवळ किंवा भरवशाच्या मित्राजवळ बसणे आपल्या हाती आहे. मध्यरात्री एकट्याने केलेला हिशेब नेहमी खऱ्याहून मोठा दिसतो.

आणि औषध? लूक, ज्याने शुभवर्तमान लिहिले, तो वैद्य होता. पौल त्याचा प्रेमाने वैद्य म्हणूनच उल्लेख करतो. मग डॉक्टरकडे जाणे विश्वासाच्या आड कसे येईल? उदासी, झोप न लागणे, कशातच गोडी न वाटणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, हे दोन आठवडे टिकले तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांना दाखवावे. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नयेत. प्रार्थनासभेला जरूर जा, पण गोळी घेऊन जा. "आता औषधाची गरज नाही" असे डॉक्टरांनी म्हणावे, इतर कोणी म्हणू नये.

कोणी जिवाला कंटाळल्याची भाषा बोलू लागला तर ती थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका. घरातले कीटकनाशक कुलपात ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या घरी नेऊन द्या. 14416 हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनी 2022 पासून सुरू आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतून बोलता येते. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानायचे ठरवले आहे. त्याला उपचार द्यायचे, शिक्षा नव्हे.

शिक्षक मित्रहो, तुमच्यासाठी ईयोबाची गोष्ट. त्याची मुलेबाळे गेली, धन गेले, शरीर रोगाने सडले. तीन मित्र भेटीला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडून "तुझेच काही चुकले असेल" असे समजावू लागले, तेव्हा ते वैरी वाटू लागले. वर्गातली एखादी हसरी मुलगी एकाएकी गप्प झाली, आश्रमशाळेतला मुलगा ताटावरून उठू लागला, हुशार पोराच्या वहीत पाने कोरी राहू लागली, तर चार मुलांदेखत कारण विचारू नका. सुट्टीत जवळ बोलवा. जेवलास का, झोप लागते का, असे आधी विचारा. तो पाच मिनिटे गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा.

आज घरी गेल्यावर एवढे एकच करा. आपल्या ओळखीत महिना-दोन महिने जो पारावर दिसलेला नाही, बाजाराला आलेला नाही, त्याच्या घरी जा. बरोबर दादरची गरम भाकर आणि थोडी भाजी न्या. शहाणपण घरी ठेवून जा. त्याच्यासोबत बसून जेवा. तो बोलला तर ऐका, आणि उठताना पुन्हा कधी येणार तो वार सांगा. सांगितलेल्या वारी मात्र नक्की जा.