नोंद बालकाची, जबाबदारी समाजाची



साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की कऱ्हाड, वाळवा, पलूस या कृष्णाकाठच्या तालुक्यांत ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. बीडकडून कुटुंबे येतात, तशी सांगली जिल्ह्याच्याच जत तालुक्यातूनही येतात. तोडणीच्या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. त्या कोयत्याबरोबर आलेल्या लहानग्याला मात्र या व्यवहारात नाव नाही. तोडलेला ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो, प्रत्येक खेपेचे वजन होते, पावती मिळते. फडाच्या कडेला पाचटावर निजलेल्या बालकाचे वजन मात्र अनेकदा हंगाम संपेपर्यंत होत नाही. उसाची नोंद राहते आणि बालकाची सुटते. आजच्या विषयाचे मूळ येथे आहे.

पट, हजेरी आणि काळजी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या सहा सेवा अंगणवाडीच्या छपराखाली आल्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क दिला. हा आहार कोणाचा उपकार नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

या सेवांचा हिशेब अंगणवाडी सेविका वर्षानुवर्षे जाडजूड वह्यांत लिहीत आल्या. १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने त्यासाठी ‘पोषण ट्रॅकर’ ही ऑनलाइन व्यवस्था आणली. बालकांची रोजची हजेरी, आहाराचे वाटप, उंची आणि वजन यांची नोंद आता सेविका मोबाईलवर करते. प्रारंभी ही नोंद प्रामुख्याने सेविका आणि शासन यांच्यातीलच होती. एप्रिल २०२५ च्या पोषण पंधरवड्यात या व्यवस्थेतील लाभार्थी विभागाच्या प्रसारावर भर देण्यात आला. पात्र कुटुंबाला संकेतस्थळावरून जवळच्या अंगणवाडीत स्वतः नोंदणी करण्याची वाट त्यामुळे खुली झाली. अडचण आल्यास मदत क्रमांकही आहे.

या बदलाचे मर्म समजून घ्यावे. पटावर नाव असणे, हजेरी लागणे आणि काळजी घेतली जाणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पट आणि हजेरी शासनाला दूर बसून दिसू शकतात. काळजी खरोखर घेतली गेली का, हे मात्र आईलाच ठाऊक असते. म्हणून नोंदीच्या व्यवहारात आईला स्थान मिळणे महत्त्वाचे आहे.

येणारे आणि जाणारे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना ही व्यवस्था विशेष उपयोगाची आहे, कारण येथे माणसे येतातही आणि येथून जातातही. कृष्णाकाठी तोडणीसाठी कुटुंबे येतात. माण-खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी टापूतील मेंढपाळ कळपांमागे गाव सोडतात. विटा-खानापूर परिसरातील सोने-चांदी गाळणारे गलाई बांधव तर देशभरातील शहरांत स्थिरावले आहेत. पोषण ट्रॅकरमध्ये बालकाची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीत, परराज्यातही हलविता येते. जतच्या बालकाला वाळव्यात आहार मिळावा, तो याच मार्गाने.

स्थलांतरितांचा माग ठेवण्यासाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र प्रणालीही प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तिच्यासाठी अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली, जालना, नंदुरबार आणि पालघर हे जिल्हे निवडले होते. सातारा-सांगली त्यात नव्हते. ऊसपट्ट्यातील गावांनी म्हणूनच अधिक जागरूक राहावयास हवे.

यंत्राची मर्यादा

यंत्राचे गुण सांगताना त्याच्या मर्यादा झाकणे प्रामाणिकपणाचे नव्हे. २०२१ साली महाराष्ट्रातील अनेक सेविकांनी सदोष मोबाईल शासनाला परत केले होते. त्या काळात इंग्रजीतून माहिती भरण्याचा प्रश्नही गाजला. आज ही व्यवस्था मराठीत आहे. तरी पाटण-जावळीच्या डोंगरी वाड्यांत संपर्काची रेंज मिळत नाही, हे वास्तव आहे.

१ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटविणे आवश्यक झाले. आधार पडताळणीचा सांकेतिक क्रमांक मोबाईलवर येतो. तो मोबाईल फडात गेलेल्या पतीच्या खिशात असेल, तर आई अंगणवाडीच्या दारात खोळंबते. बालकाचे आधार नसले तरी आईच्या आधारवर नोंद होते, ही माहितीही अनेक घरांपर्यंत पोहोचलेली नाही. खरा लाभार्थी ओळखणे हा या पडताळणीचा हेतू आहे. तिच्यामुळे खराच लाभार्थी रिकाम्या हाताने परतू लागला, तर साधनाने साध्यावर मात केली असे होईल.

कर्मवीरांचा वारसा

या भूमीला असे काम नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडले. वसतिगृहाच्या वहीत मुलाचे नाव चढले की त्याच्या पोटाची जबाबदारी त्या घराची होई. आजच्या ऑनलाइन नोंदीला हाच अर्थ यावयास हवा.

कार्यकर्त्यांसमोरील काम

हे काम लहान आहे, परंतु नित्य करावयाचे आहे. गाळप सुरू होताच गावातील तीन-चार कार्यकर्त्यांनी खोपींवर जावे. सहा वर्षांखालील बालके किती, मूळ गावच्या अंगणवाडीत त्यांची नोंद आहे का, हे आयांना विचारावे आणि सेविकाताईंना सोबत घेऊन ती नोंद इकडे हलवावी. शाळेच्या वयाच्या भावंडांजवळ मूळ शाळेचे ‘शिक्षण हमी पत्रक’ आहे का, तेही पाहावे. मोबाईल हाताळता येणाऱ्या महाविद्यालयीन युवक-युवतींनी आयांना नोंदणी शिकवावी. मात्र सांकेतिक क्रमांक आईनेच टाकावा आणि तो अनोळखी माणसाला कधीही सांगू नये, हे बजावावे. हंगाम संपताना नोंद पुन्हा मूळ गावी गेली का, याची खात्री करावी.

मध्यमवर्गीय कुटुंबांनीही आपल्या वस्तीतील अंगणवाडी एकदा आत जाऊन पाहावी. घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या ताईंचे मूल दिवसभर कोठे असते, एवढी चौकशी केली तरी सेवेचा आरंभ होतो.

यंदा गाळपाची पहिली मोळी गव्हाणीत पडेल, त्या आठवड्यात कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात खोपीतील बालकांचे वजन झालेले असावे. कारखान्याच्या काट्याइतकाच अंगणवाडीतील वजनकाटाही गावाच्या लक्षात राहो, एवढीच या निमित्ताने समाजाकडून अपेक्षा आहे.