डॉक्टर, वकील आणि त्यांचे आप्त

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आज येथे नव्याने डॉक्टर व वकील झालेल्या तरुणतरुणींचा सत्कार झाला. अशा प्रसंगी त्यांस उपदेश करण्याची रीत आहे. ती आम्ही पाळणार नाही. आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर; त्यांच्या विद्येविषयी आम्ही त्यांस काय सांगावे? बोलावयाचे आहे ते त्यांच्या आप्तांविषयी, म्हणजे तुम्हांआम्हांविषयी. या दोन्ही व्यवसायांस नीतिनियमांचे बंधन आहे, आणि ते सैल करण्यासाठी पहिला लकडा लावणारा बहुधा परका नसतो, घरचाच असतो.

वैद्याच्या बंधनाचे मूळ आपल्याकडे फार जुने आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्यास जे नियम घालून देतो त्यांत रोग्याच्या घरचा वृत्तान्त बाहेर सांगू नये, असे स्पष्ट बजावलेले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या विनियमांतही तोच दंडक आहे. (२०२३ च्या ऑगस्टात नवे विनियम निघाले, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित होऊन जुनेच पुन्हा लागू झाले.) रोग्याने विश्वासाने सांगितलेली खाजगी गोष्ट कायद्याने भाग पाडल्यावाचून डॉक्टराने उघड करावयाची नाही. निरोगी माणसास संसर्गजन्य रोगापासून वाचविण्याचा प्रसंग मात्र निराळा. एका एचआयव्हीबाधित तरुणाचे निदान रुग्णालयाकडून उघड होऊन त्याचे ठरलेले लग्न मोडले, तेव्हा १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची तक्रार मान्य केली नाही; नियोजित वधूचा निरोगी जीविताचा हक्क न्यायालयाने अधिक मानला.

आता आपल्याकडे स्थळ पाहताना काय चालते ते पाहा. "मुलीला लहानपणी फेपरे येत असे म्हणतात, आपला अमका त्याच इस्पितळात आहे, त्याला विचारा की!" फेपरे संसर्गाने पसरत नाही, मधुमेह पसरत नाही, मनाचा आजारही पसरत नाही; तेव्हा तो अपवाद येथे लागू पडत नाही. डॉक्टराने सांगितले तर त्याची सनद धोक्यात येते आणि एका मुलीचे नाव चारचौघांत होते. न सांगितले तर "शिकून मोठा झाला, आपल्या माणसांस विसरला" असा शेरा मिळतो. विवाहापूर्वी प्रकृतीची माहिती देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. ती दोन्ही घरांनी समोरासमोर बसून, खरेपणाने द्यावी. डॉक्टराच्या तोंडून ती चोरून काढणे ही खचित चोरीच होय.

खोट्या दाखल्यांविषयी थोडकेच सांगतो. टायफॉइडचा दाखला पाठविणारा विद्यार्थी त्याच आठवड्यात लग्नाच्या पंगतीत वाढताना आम्ही पाहिलेला आहे! बापास ती थट्टा वाटते. परंतु खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टराचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते. आणि गर्भाचे लिंग "घरच्या घरी" विचारणाऱ्या सासूसासऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की १९९४ च्या कायद्यात सांगणाऱ्याप्रमाणे विचारणाऱ्यासही कैद आहे.

वकिलांकडे वळू. त्यांचे नियम १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टाखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेले आहेत. आपल्या ज्ञातीत या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकू येते: "आपल्याच माणसाविरुद्ध वकीलपत्र घेतले!" नियम असा की ज्या न्यायालयात वकील काम करतो तेथे योग्य फी देणाऱ्याचे काम त्याने स्वीकारावे, नकार द्यावयाचा तो विशेष कारण असेल तरच. एखाद्या आरोपीचे काम कोणी घेऊ नये असे वकिलांच्या संघटना ठराव करीत, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बेकायदा ठरविले. जेथे वकिलांच्या संघटनेस तो अधिकार नाही, तेथे ज्ञातीस तो कोठून येणार?

"शेताचा निकाल आपल्यासारखा लागला की चौथाई तुझी," हा सौदाही नियमबाह्य आहे. फी निकालावर अवलंबून ठेवता येत नाही. उलट, फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही, असे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. रोग्यानेही आपले वैद्यकीय कागद मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे, असे २००२ चे विनियम म्हणतात. बंधन आहे तसा आपला हक्कही आहे. तो मागताना संकोच नसावा.

फुकट तपासणीसंबंधी एक शब्द. डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टरास व त्याच्या निकटच्या कुटुंबीयांस विनामूल्य सेवा देण्यात आनंद मानावा, असे विनियमांत आहे. चुलत्याच्या साडूचा उल्लेख आम्हांस आढळला नाही.

शेवटी मंडळास एक सूचना. आपल्या वधूवर मेळाव्याच्या अर्जात "कुटुंबाचे डॉक्टर: नाव व पत्ता" असा एक रकाना आहे. तो कशासाठी भरून घेतला जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. तो काढून टाकावा, असे पत्र आम्ही चिटणिसांकडे दिले आहे. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत ते विचारार्थ येईल. सभासदांनी आपले मत तत्पूर्वी लेखी कळवावे.