वचनाचा उरलेला अर्धा भाग

(आदिवासी सेवाकार्याच्या हितचिंतकांच्या उपकारस्तुतीच्या सभेत मंडळीच्या एका माजी खजिनदार भगिनीने केलेले भाषण)



मी उपदेशक नाही. नोकरीची सारी वर्षे बँकेत आकडे जुळवण्यात गेली आणि त्याच सवयीमुळे मंडळीचे खजिनदारपण माझ्याकडे आले. पाळकसाहेबांनी आज बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मला एकाच वचनाबद्दल बोलता येईल, कारण ते वचन मी एकदा फार चुकीचे वापरले आहे.

ते वचन तुम्हां सर्वांना पाठ आहे. प्रभू शिष्यांना म्हणाला की गरीब तर नेहमी तुमच्यापाशी असतात, मी मात्र नेहमी असणार नाही. मत्तय, मार्क आणि योहान या तिघांनीही ते लिहून ठेवले आहे.

बरीच वर्षे झाली. दिवाळी तोंडावर होती. कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरची बाई आमच्या कमिटीच्या बैठकीच्या दिवशी मंदिराच्या पायरीवर येऊन बसली. भादव्यात नवरा आजारी पडला होता, घरात दाणा नव्हता. तिला चार हजार रुपये उसने हवे होते. ती म्हणाली, "ताई, आता पैसं भेटलं तर शेठकडून अंगावर घ्यायला नको. हितंच फार्महाऊसवर काम करून फेडू."

"अंगावर घेणे" म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. वीटभट्टीचा मालक पावसाळ्यात, घरात काही नसताना, उचल देतो. मग दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि नवरा, बायको, पोरे, कोंबड्या, भांडी असे सगळे घर भट्टीवर जाते. परतायचे ते पावसाच्या तोंडाशी.

त्या दिवशी बैठकीत दोन विषय होते. नाताळाआधी मंदिराला रंग लावायचा आणि या बाईला पैसे द्यायचे की नाही. शिल्लक दोन्हीला पुरणारी नव्हती. एका वडीलधाऱ्या सभासदांनी बाईची बाजू घेतली. तेव्हा मी म्हणाले, "गरीब तर नेहमीच असणार, प्रभूनेच सांगितले आहे. आज हिला दिले तर उद्या दहा जण येतील." कोणी उत्तर दिले नाही. वचनापुढे कोण बोलणार? मंदिराला छान रंग लागला.

ते कुटुंब भट्टीवर गेले. मोठी मुलगी तिसरीत होती. मे महिन्यात परत आले तेव्हा शेठच्या वहीप्रमाणे अजून पैसे फिटायचेच होते, म्हणून पुढच्या वर्षीही जाणे आले. ती मुलगी पुन्हा शाळेत बसली नाही. चार हजार दिले असते तर सगळे सुरळीत झाले असते, असे मी म्हणत नाही. पण आम्ही नाही म्हटले, आणि ते प्रभूच्या नावावर म्हटले, ही बोच राहिली.

नंतर एका उन्हाळ्यात मार्कचे शुभवर्तमान वाचत होते. चौदाव्या अध्यायाच्या सातव्या वचनापाशी थबकले. मार्कने त्या वाक्यात आणखी काही लिहिले आहे, जे मत्तय आणि योहान यांच्याकडे नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा त्यांचे भले करता येते, असे प्रभू तिथे म्हणतो. मी इतकी वर्षे वाक्य मध्येच तोडत होते.

मग मी आणखी मागे गेले. प्रभूचे हे शब्द जुन्या करारातले आहेत, अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातले. अकराव्या वचनात मोशे सांगतो की देशात गरीब कधी नाहीसे व्हायचे नाहीत. आणि लगेच पुढे काय? म्हणून मी तुला आज्ञा करतो, आपला हात मोकळा सोड. "म्हणून" हा शब्द बघा. माझ्या तोंडी ते वाक्य "म्हणून राहू द्या" असे संपत होते. शास्त्रात ते "म्हणून दे" असे संपते. प्रभूभोवती बसलेल्या शिष्यांना नियमशास्त्र लहानपणापासून ऐकून माहीत होते. अर्धी म्हण ऐकली की उरलेली आपल्या मनात आपोआप पुरी होते, तसे त्यांचे झाले असेल.

तो सगळा अध्याय कशाबद्दल आहे, हे वाचून बँकेतली बाई म्हणून मी चकितच झाले. तो कर्जाबद्दल आहे! दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यावे. सातवे वर्ष जवळ आले, आता दिलेले परत यायचे नाही, असा विचार करून गरजवंताला रिकामे पाठवू नये. कर्जापायी दास झालेल्याला सातव्या वर्षी मोकळे करावे, आणि जाताना कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले भरभरून द्यावे. कारण तूही मिसरात दास होतास. त्याच अध्यायात चौथ्या वचनात असेही आहे की तुमच्यात कोणी गरीब असूच नये. म्हणजे गरिबी ही देवाची योजना नव्हे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय चार वाचा. पहिल्या मंडळीत कोणालाच उणे नव्हते, असे लूक लिहितो.

कोणी विचारेल, मग त्या बाईने ओतलेल्या तेलाचे काय? ३०० दिनारांचे तेल, आणि एक दिनार म्हणजे दिवसभराची मजुरी. जवळजवळ वर्षाची कमाई झाली. प्रभूने तिला रागावायला हवे होते का? नाही. तो दोन दिवसांत मरणार होता. त्याच्या उत्तरकार्याची तयारी तिने आधीच केली, असे तो म्हणाला. मरणाऱ्या माणसावर केलेली माया वाया गेली, असे आपणही म्हणत नाही. शिवाय हे घडले कुठे? बेथानीत, शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी. मत्तयात तर एकच पान मागे उलटा. पंचविसाव्या अध्यायात प्रभू सांगतो की भुकेल्याला जे दिले ते मला दिले. तोच प्रभू पुढच्या पानावर गरिबांना विसरा म्हणेल का?

आणि "तुमच्यापाशी" हा शब्द. ती वाडी आमच्या मंदिरापासून तीन किलोमीटरवर होती आणि मी एकदाही गेले नव्हते. गरीब माझ्यापाशी नव्हतेच, ते माझ्या वहीत होते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच बाईने मला कोरा चहा दिला. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुमच्याकडं नव्हतंच ना ताई तवा." होते, हे तिला सांगायला मला फार जड गेले.

कर्जाचा हा फास नवा नाही. आजच्या पालघर जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या पैशापोटी जन्मभर राबणाऱ्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली बांधवांनी त्याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या, आणि "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात त्यांनी ती हकिगत लिहिली. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली. पण भादव्यातली रिकामी चूल कायद्याने पेटत नाही.

म्हणून वाडीवरच्या बचत गटाबरोबर आपण लहानसा निधी सुरू केला. गणपतीपासून दिवाळीपर्यंत बिनव्याजी उसने. कोणाला द्यायचे हे गटातल्या बाया ठरवतात, मी फक्त वही लिहिते. कोणी मंडळीचे आहे की नाही, हे विचारत नाही. काहींचे पैसे परत येतात, काहींचे येत नाहीत. कमिटीत त्यावर प्रश्न निघाला की मी अनुवादाचा पंधरावा अध्याय पुढे सरकवते.

त्या बाईची मुलगी आता संसारी आहे आणि नवऱ्याबरोबर भट्टीवर जाते. ते मला बदलता आले नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र या वर्षी दिवाळीनंतरही वाडीवरच राहिला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत बसला.

माझी विनंती एवढीच. तुम्ही नाताळात उदारपणे देता, त्याबद्दल उपकार मानते. पण टेम्पो दिवाळीनंतर लगेच येतो. जमले तर तुमचे दान भादव्यात पाठवा. आणि वर्षातून एक दिवस वाडीवर या, चहा प्या, नावे विचारा. मग पुढच्या वेळी हे वचन कोणी म्हटले, तर त्याला तिथे थांबू देऊ नका. उरलेला अर्धा भाग आपण म्हणू.

प्रभू आपले हात मोकळे करो. आमेन.